दोन इंचांचा महिना

मी एक टेप आहे, मित्रांनो. शिवणकामाचा, पिवळा, साठ इंचांचा, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी असलेला. जुना म्हणाल तर तसा फार जुना नाही. माझा पहिला इंच अजून पुसला गेलेला नाही, आणि शिवणकामात ज्याचा पहिला इंच शाबूत तो तरुणच. तरी तुम्ही विचाराल की मग एवढा खाली मान घालून का बसलायस, तर सांगतो, सगळं सांगतो, फक्त मधे हसू नका. मधे हसलात तर मी गुंडाळून घेईन आणि मग मला उलगडायला तुमची तुम्हालाच मेहनत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी मी नुसती कापडाची पट्टी होतो. मग माझ्या अंगावर रंगाचा चिकट लेप बसला, तो वाळला, आणि मग एक रूळ अंगावरून फिरला तो आकडे उमटवत. इतक्या गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू. तिथून एका बटणं-लेसच्या दुकानात आलो, बरण्यांच्या मागे टांगला गेलो, आणि एका दुपारी आई आली. मी तिला आईच म्हणतो, घरात सगळे म्हणतात म्हणून. ती शिवणकाम करते. तिने मला खाली काढलं आणि दुकानदाराला म्हणाली, "हल्लीचे टेप रबरासारखे ताणतात हो."

"ताणून बघा ना वहिनी," तो म्हणाला.

तिने ताणलं, लाकडी पट्टीशी ताडून बघितलं, एकेक इंच. आणि मग म्हणाली, "हा खरं बोलतो."

मित्रांनो, तुम्हाला कुणी पहिल्याच भेटीत असं म्हटलं तर तुमची मान ताठ होणार की नाही? माझीही झाली. तिथेच चुकलं बघा सगळं.

आईचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मधोमध कापायचं मोठं टेबल, खिडकीशी मशीन, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा, कोट चढवून बघायला. मी दिवसभर आईच्या गळ्यात. डॉक्टरांचे कोट, कंडक्टरांचे शर्ट, शाळेचे गणवेश, पडदे, सगळं माझ्यावरून जायचं. एक नर्सताई यायच्या. माप घ्यायची वेळ आली की श्वास रोखून पोट आत घ्यायच्या. आई काहीच बोलायची नाही. मला हातात धरून नुसती गप्पा मारत उभी राहायची, धाकट्या दिरांचं कसं चाललंय, घराला रंग कुठला देणार, आणि ताईंना कधीतरी श्वास सोडावाच लागायचा. सोडला की आई मला पटकन कंबरेभोवती फिरवायची.

"टेप आटला का गं तुझा?" नर्सताई म्हणायच्या.

"टेप नाही आटला, ताई. तुम्हाला घर मानवतंय."

असे माझे मजेचे दिवस होते. आणि मग ठकीने तो पेपर घ्यायचं ठरवलं.

ठकी म्हणजे आईची मुलगी. शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. तिला वाचायचं फार वेड, आणि त्यातही मोठ्याने वाचायचं. नाटकातली राणी ती स्वतः व्हायची आणि राजा म्हणून त्या बिनडोक्याच्या पुतळ्याला झापायची. तिला ज्या कॉलेजात जायचं होतं तिथे ब्रिटिश साहित्याचा वरच्या पातळीचा पेपर दिल्याशिवाय अर्जच घेत नाहीत, आणि तिच्या शाळेत तो पेपर कुणी शिकवत नव्हतं. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी सरळ सांगितलं, "मला तास नाहीत. घरी करणार असशील तर वर्षाचा आराखडा करून आण. सहामाहीला तासभर मी तुला ऐकेन, आणि मगच तुझं नाव परीक्षेला पाठवेन. न वाचता बसलेल्या पोरांमुळे शाळेचं हसं होतं."

म्हणजे काय, तर सहामाहीच्या त्या एका तासावर सगळं होतं. नाव गेलं तर कॉलेज. नाही गेलं तर नाही.

नेमलेली पुस्तकं ठकीने वाचनालयातून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गोळा केली आणि कापायच्या टेबलावर ठेवली. पंधरा होती. हजार वर्षांपूर्वीची लढायांची कविता, राजाराण्यांची नाटकं, चौदा-चौदा ओळींच्या प्रेमकविता, मुलींची लग्नं जुळवता जुळवता चारशे पानं संपणारी एक कादंबरी, धूर आणि धुक्याच्या शहरातली एक भलीमोठी कादंबरी, आणि अगदी खाली, चोपडीएवढं, युद्धावर गेलेल्या एका तरुणाच्या कवितांचं पुस्तक. ठकी त्या ढिगाकडे बघून रडवेली झाली.

"एवढं कसं होणार, आई?"

आता आई स्वतः शिकली दहावीपर्यंत. इंग्रजी पुस्तकाचं नाव ती अक्षर अक्षर लावून वाचायची. पण ढीग बघून घाबरणारी ती नव्हती. तिच्याकडे तागेच्या तागे यायचे.

"हात्तिच्या," ती म्हणाली, "बेतलं की होतं." आणि तिने मला गळ्यातून काढलं.

मित्रांनो, मी सांगतो तुम्हाला, त्या संध्याकाळी मला वाटलं की माझ्यासारखा टेप जगात दुसरा नाही. आईने पंधरा पुस्तकं एकावर एक रचली, वरून हाताने दाबली, आणि मला बाजूने उभं लावलं. अठरा इंच. दहा महिन्यांपैकी शेवटचा उजळणीला ठेवला. राहिले नऊ. अठरा भागिले नऊ.

"महिन्याला दोन इंच," आई म्हणाली. "आठवड्याला अर्धा. एवढंच तर आहे."

ठकीने डोळे पुसले आणि हसली. खरंच एवढंसंच दिसत होतं. मग आईने कागदी नमुने कापायचा तपकिरी कागद टेबलभर पसरला, पट्टीने महिन्यांचे रकाने आखले, आणि एकेक पुस्तक माझ्याशी लावून त्याची जागा ठरवली. धुक्याच्या शहरातली कादंबरी अडीच इंच, तिला महिना आणि वर एक आठवडा. कवितांचं ते चोपडीएवढं पुस्तक भरलं एक सूत. इंचात आठ सूत असतात, म्हणजे आठवड्याच्या अर्ध्या इंचातला चौथा हिस्सा. दोन दिवस.

बाबा तेवढ्यात बेकरीतून आले होते, अंगाला भट्टीचा वास, पाय वर घेऊन खुर्चीत बसलेले. ते म्हणाले, "अगं, कवितांना दोनच दिवस?"

"एक सूत आहे हो ते. रुमाल शिवायला कुणाला महिना लागतो का?"

"मी आपलं विचारलं."

"तुम्ही पाव मोजा."

सगळे हसले. मीही हसलो. आता आठवलं की माझे आकडे लाल होतात.

ठकी तो कागद शाळेत घेऊन गेली. बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, इतका नीटनेटका आराखडा आमच्या शिक्षकांचाही नसतो. सही केली खाली. आईने तो पुढच्या खोलीत, येणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर लावला, आणि मग जे गिऱ्हाईक येईल त्याला माझी गोष्ट. "या टेपने बेतलंय ठकीचं वर्ष," असं म्हणून ती मला गळ्यातून उचलून दाखवायची. कंडक्टरकाका म्हणाले, माझ्या पोराचं गणित पण बेत गं. नर्सताई तर मला हात लावून गेल्या. मी फुगलो. टेपने फुगू नये, माप बदलतं, पण मी मनातून फुगलो.

दर रविवारी ठकी पुस्तक आणायची. वाचलं तिथे दोऱ्याची खूण. आई मला पानांच्या कडेला लावायची आणि म्हणायची, "अर्धा इंच. शाबास." तपकिरी कागदावर खडूने एक रेघ. आधीचे काही आठवडे ठकी खरंच वाचायची, आईला गोष्टी सांगायची, पुतळ्यावर खेकसायची. मग कवितांचे दोन दिवस आले आणि गेले. पहिल्या दिवशी अर्धं पुस्तक, दुसऱ्या दिवशी उरलेलं, रेघ. आणि मग आली ती अडीच इंची कादंबरी. ती काही सरेना. ठकी एका पानावर घुटमळायची, तिला तिथेच राहावंसं वाटायचं, पण रविवार यायचा. मग एका रविवारी सकाळी, आई बाहेर पाणी भरत असताना, मी टेबलावर पडलो होतो तेव्हा मी बघितलं, ठकीने दोरा उचलला आणि जाडजूड पानांचा एक गठ्ठा ओलांडून पुढे ठेवला. बोटाने दाबून कडा सारखी केली.

आईने मला लावलं. अर्धा इंच.

मी काय करणार होतो? मी तर खरंच बोललो ना? दोरा होता तिथे अर्धा इंचच होता. त्याच्या पुढच्या रविवारीही अर्धा, आणि त्याच्या पुढच्याही. ठकीने गोष्टी सांगणं बंद केलं. पुतळ्याला कुणी झापेना. आई म्हणायची, पोरगी अभ्यासात बुडाली आहे. आणि मी बिनचूक होतो, मित्रांनो, एका सुताचाही फरक नाही, आणि एवढा मोठा खोटारडेपणा माझ्या अंगावरून दर आठवड्याला गेला.

सहामाहीचा दिवस उजाडला. आई हातातलं काम टाकून निघाली, साडीला चिकटलेले दोरे झटकले, तपकिरी कागद उतरवून घडी करून बरोबर घेतला, पण मी गळ्यातच राहिलो. तिच्या लक्षात आलं नाही, चष्मा डोक्यावर राहावा तसं. शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत बाई बसल्या होत्या. पलीकडे भूगोलाचे सर वह्या तपासत होते. ठकीसमोर पंधरा पुस्तकं. बाईंनी जाड पुस्तकांकडे बघितलंच नाही. त्यांनी ते एक सुताचं उचललं, मधेच उघडलं.

"ही वाच मोठ्याने."

ठकीने सुरेख वाचली. आईची मान डोलली.

"छान. आता सांग, हे कोण बोलतंय?"

ठकी गप्प.

"बरं, कुणाशी बोलतंय?"

ठकी पुस्तकात बघत राहिली. बाईंनी दुसरी कविता काढली, तिसरी काढली. मग विचारलं, "किती दिवस दिलेस या पुस्तकाला?"

"दोन."

"दोन दिवस? का गं?"

ठकीचं तोंड उघडेना, आणि आईला वाटलं की आपण मदत करावी. आपलं लेकरू अडकलंय, आपण सोडवावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने मला गळ्यातून अर्धा ओढून पुढे धरलं आणि म्हणाली, "बाई, ते एकच सूत भरलं होतं. हे बघा, एवढंसं. म्हणून दोन दिवस."

भूगोलाच्या सरांचं हसू फुटलं. त्यांनी लगेच खोकल्यात दडपलं, पण फुटलं. आणि ठकी, कानापर्यंत लाल झालेली, आईकडे न बघता हळूच म्हणाली, "आई, तो टेप काढ ना गळ्यातून."

आईने मला काढलं. नीट गुंडाळायची तिची सवय, पण त्या दिवशी तिने मला चुरगाळून मुठीत धरलं. मुठीला घाम आला होता. आतल्या अंधारात मला वाटलं, माझे सगळे आकडे पुसले जावेत.

बाई तरी काय बोलणार? त्यांनी टेबलावरचा तपकिरी कागद उलगडला आणि खालच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "मी सही केली होती याच्यावर," त्या म्हणाल्या. "रेघा सुबक होत्या म्हणून केली. वाचला नव्हता." मग कागदाची घडी घालत, "आज नाव नाही पाठवता येणार. यादी महिन्याभराने बंद होते. त्याच्या आधी आणखी एकदा ऐकते तुला."

घरी येताना ठकी पुढे, आई मागे. दोघींमध्ये बरंच अंतर होतं. किती ते मी नाही सांगणार, मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी ड्रॉवरमध्ये. बटणं, हुक, मोडक्या सुया आणि मी. आई तिचा जुनाच टेप वापरू लागली, त्याचा पहिला इंच कधीच पुसलाय, त्यामुळे ती एकपासून लावायची आणि मग मनात एक वजा करायची. गिऱ्हाईक विचारायचं, तो नवा टेप कुठे गेला हो, वर्ष बेतणारा? आई म्हणायची, "असेल इथेच कुठेतरी." माझ्या अंगात हुक रुतत होते आणि मला ते बरंच वाटत होतं.

ड्रॉवर पुरता बंद होत नाही, म्हणून फटीतून मला पुढचं दिसलं आणि ऐकू आलं. मशीन चालू होतं, आणि ठकी म्हणाली, "आई, मी खूण पुढे सरकवत होते."

मशीन थांबलं. "कधीपासून?"

"ते जाड पुस्तक आलं तेव्हापासून. कागदावरचा महिना संपत आला की मला धडकी भरायची. वाचायला बसले की पानापेक्षा रविवारच दिसायचा."

आईने कापड मशीनखालून काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "नर्सताई पोट आत घेतात तेव्हा मी थांबते. गप्पा मारते. तुझ्याजवळ थांबलेच नाही गं मी. नुसती मोजत राहिले."

"आणि मी तुला टेप काढायला सांगितलं. सगळ्यांसमोर."

"हो. लागलं मला," आई म्हणाली.

एवढंच म्हणाली. राहू दे, असू दे, असलं काही नाही. मग ठकीने त्या पातळ पुस्तकातली एक कविता वाचायला घेतली. वाचून मराठीत सांगायची. कवितेत काय आहे, तर युद्धावरचा तो तरुण घरी पत्र लिहितोय आणि सारखं एकच विचारतोय, आपल्या अंगणाच्या फाटकाची बिजागरी बसवली का. दुसरं काही नाही. आई खालची पट्टी दुमडता दुमडता म्हणाली, "मोडली असेल बिजागरी. विचारणारच."

"अगं, समोर गोळ्या चालल्यात त्याच्या."

"म्हणून फाटक मोडायचं थांबतं होय?"

"त्याला परत यायचंय त्या फाटकातून. म्हणून विचारतोय."

"मग तसं लिही की बाबा. कोड्यात कशाला?"

ठकीला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आधी म्हणाली, "आई, तसं लिहिलं तर वाचणारी घाबरेल ना. तो आईला लिहितोय, बघ, इथे आहे." आईने मान हलवली पण पटलं नाही, ती बिजागरीवरच अडून बसली. बाबा आईच्या बाजूने. जेवताना वाद, भांडी घासताना वाद. एका कवितेत आठवडा गेला. तपकिरी कागद आईने परत लावलाच नव्हता, टेबलाच्या खालच्या कप्प्यात सारला होता, आणि आता ठकी एक पुस्तक हातात घ्यायची, थोडं वाचायची, आईला सांगायची, आणि मग दोघी मिळून ठरवायच्या, याला किती दिवस लागतील. ठरवलेलं पुन्हा बदलायच्या. पुतळ्याला परत शिव्या बसू लागल्या. मला ड्रॉवरमध्ये हायसं वाटलं, पण लाजही वाटली, कारण हे सगळं माझ्याशिवाय किती छान चाललं होतं.

यादी बंद व्हायच्या आधी ठकी बाईंकडे एकटी गेली. संध्याकाळी परत आली. आई दारातच उभी होती.

"काय म्हणाल्या?"

"तासभर ऐकलं. म्हणाल्या, पाठवते नाव."

आईने दोन्ही हात छातीशी धरले.

"मी नको म्हटलं," ठकी म्हणाली.

आईचे हात खाली आले.

"तीनच पुस्तकं झालीत, आई, खरी. बारा राहिलीत. बाईंनी त्या तिन्हींतलंच विचारलं म्हणून मला आलं. परीक्षेत कोण विचारणार आहे असं बघून बघून? मी म्हटलं, पुढच्या वर्षी पाठवा."

"अगं, बरोबरच्या मुली कॉलेजात जातील," बाबा म्हणाले.

"जातील."

"आणि तू वर्षभर घरी."

"हो."

आई स्टुलावर बसली. तिने गावभर सांगितलं होतं ना, मित्रांनो. ज्याला त्याला माझी गोष्ट. "नर्सताई विचारतील," ती म्हणाली. "कंडक्टर विचारतील. काय सांगू मी लोकांना?"

"तू नको सांगू. मी इथे बसेन, मी सांगेन. वाचलं नव्हतं म्हणून नाही गेले."

हे म्हणताना तिचा आवाज कापत होता, मी ऐकलं. पण तिने वाक्य पुरं केलं.  आईला काय आवडत नाही, तर शिवलेलं उसवणं. ती एक टीप वाकडी गेली तरी दिवसभर स्वतःवर चिडते. पण ती उठली आणि म्हणाली, "बरं. उसवू वर्ष."

आणि मग ती जवळ आली, ठकीचा हात धरला आणि थांबली. ठकीचं मनगट गणवेशाच्या बाहीतून चांगलं दोन बोटं बाहेर आलं होतं. आईने ड्रॉवर ओढला. बटणं खाली सांडली. तिने माझ्या अंगातला हुक सोडवला आणि मला ठकीच्या खांद्याला लावून मनगटापर्यंत ओढलं. मग डोळे बारीक करून आकडा बघितला, आणि पुन्हा एकदा लावलं, जणू माझ्यावर विश्वासच नाही.

"गणवेशाच्या मापापेक्षा दीड इंच जास्त," ती म्हणाली. "कधी वाढलीस गं तू एवढी?"

"या वर्षातच," ठकी म्हणाली.

वर्षभर मी त्या घरात रोज होतो, मित्रांनो. अठरा इंच पुस्तकं मोजली मी. हे दीड इंच माझ्या समोरून गेले आणि मला कुणी लावलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

म्हणून एवढंच सांगायचं होतं. मला खांद्याला लावा, पडद्याला लावा, काम झालं की नीट गुंडाळा, हुकांत टाकू नका. पण कुणी पुस्तक घेऊन बसलं असेल तर मला लांब ठेवा. जवळ बसा, विचारा, कोण बोलतंय, कुणाशी, आणि उत्तर नाही आलं तर उद्या परत विचारा. आणि मधूनमधून त्या वाचणाऱ्याच्या बाह्या बघत जा.